वाढवलेलं गलबत

नाहूरला समुद्र नाही. कोणी म्हणेल, खाडी आहे की ऐरोलीच्या पुलाकडे. पण ती बघायला म्हणून कोणी फ्लॅट घेत नाही. तरी बिल्डरने टॉवरचं नाव ठेवलं 'पोर्ट व्ह्यू'. आता नावच असलं ठेवल्यावर बंदरातलं काहीतरी दाखवायला नको? म्हणून त्याने कोकणातल्या कुठल्याशा खाडीच्या चिखलातून एक जुनं मालवाहू शिडाचं गलबत उचललं. सुतार बसवून कुजक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस आणि डांबर भरलं, तेल पाजलं, नवी डोलकाठी उभी केली आणि ट्रेलरवर घालून आणून बागेत पांढऱ्या खडीवर ठेवलं. संध्याकाळी खालून निळे दिवे लागतात. पोरांनी वर चढू नये म्हणून भोवती साखळी आहे. खडीतलं गलबत! हसावं की रडावं, बघणाऱ्याला कळू नये.

नवव्या मजल्यावरच्या जयवंत मोंडकरांना दोन्ही येत नव्हतं. मुलगा सुशांत आणि सून मानसी यांच्याकडे ते राहत. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर त्यांची बायको नलिनी वारली, तेव्हापासून माणूस बधिर झाला होता. दाढ काढताना डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग ओठ आपलाच असून दुसऱ्या कोणाचा वाटतो ना, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. चहा गार होऊन जायचा. टीव्ही चालू असायचा आणि ते खिडकीकडे बघत बसायचे. मानसी म्हणायची, "बाबा, मीठ कमी झालंय का आमटीत?" ते म्हणायचे, "असू दे." आमटीत मीठच नव्हतं, हे तिला स्वतःच्या पहिल्या घासाला कळायचं.

भेटायला आलेल्यांना ते एकच वाक्य सांगायचे. "गेली. त्रास नाही झाला." त्रास नाही झाला कसा? तीन आठवडे नळ्या घालून पडली होती बाई. पण ऐकणाऱ्यालाही बरं वाटायचं, सांगणारा पण सुटायचा.

तसं पाहिलं तर जयवंतरावांचं आयुष्य काही फार मोठ्याने सांगण्यासारखं नव्हतं. आचऱ्याकडचा जन्म. वडील विठोबा मोंडकर, म्हणजे अण्णा, स्वतःच्या गलबताचे तांडेल. गलबताचं नाव 'श्री रामेश्वर प्रसाद'. मंगळूरहून छपराची कौलं भरायची आणि वारा देईल तसं मुंबईला दारूखाना बंदरात उतरवायची. मोठा मुलगा भाऊ सुकाणू धरायचा, धाकटे जयवंत भात शिजवायचे आणि वरून शिव्या खायचे, कारण हलत्या चुलीवर भात नेहमी करपायचा. मग गलबत संपलं. जयवंत गिरणीत लागले, गिरणी संपली. भांडुपच्या एका कंपनीत पॅकिंगला लागले, तिथून रिटायर झाले. भांडुपची चाळ पाडली, त्या पैशात सुशांतने भर घालून नाहूरचा हा फ्लॅट घेतला. संपलं.

यातलं 'गलबत संपलं' हे मात्र तितकं सरळ नव्हतं.

पंच्याहत्तरचं साल. माल सगळा ट्रकवर गेला होता. खलाशी एकेक करून मुंबईला पळाले होते. भाऊच्या डोक्यात एकच खूळ होतं, गलबताला इंजिन बसवायचं. अण्णा म्हणत, माझ्या डोळ्यांदेखत त्याचं पोट कापायचं नाही. भाऊ ऐकतोय कसला! गेला मुंबईला इंजिन बघायला. आणि तो परत यायच्या आत अण्णांनी दोन सुतार बोलावले, स्वतः हातात कुऱ्हाड घेतली आणि खाडीतच गलबत फोडून टाकलं. भाऊ एसटीतून उतरला तेव्हा चिखलात नुसत्या फासळ्या उभ्या होत्या. तो धावत घरी आला. घरापुढच्या खळ्यात जयवंत उभे.

"गलबत खय?" भाऊने विचारलं.

"अण्णांनी वाढयल्यानी," जयवंत म्हणाले.

आता यात त्यांची काय चूक? त्यांच्या घरात नारळ फुटायचा नाही, वाढायचा. बांगडी वाढायची. जी वस्तू आपण देवासारखी वागवली ती मोडली असं तोंडातून काढायचं नाही, वाढवली म्हणायचं. गलबताची तर रोज पूजा व्हायची. त्याला दुसरा शब्द लावायची जयवंतांची जीभच नव्हती.

पण भाऊचं डोकं फिरलं. "वाढयल्यानी? काय सत्यनारायणाचो नारळ होतो तो? मोडल्यानी म्हण! जीभ झडता तुझी?"

जयवंतांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"म्हण रे! ज्या दिवशी म्हणशीत त्या दिवशी तोंड दाखवीन तुका," असं म्हणून भाऊ तसाच उलटपावली स्टँडवर गेला. अण्णा घरातून सगळं ऐकत होते, बाहेर आले नाहीत. ते गेले तेव्हा भाऊ आला, अग्नी दिला, धाकट्याशी एक शब्द न बोलता परत गेला.

पुढे दोघेही भाऊ मुंबईतच म्हातारे झाले. भाऊ जोगेश्वरीला, जयवंत भांडुपला. मध्ये एक लिंक रोड. नलिनी अधूनमधून चिडायची. "अहो, एक शब्द म्हणायचाय. लाखाची मागणी केलीय का त्यांनी? मी फोन लावून देते, तुम्ही म्हणून टाका आणि ठेवून द्या."

"असू दे," हे म्हणायचे.

"असू दे, असू दे! चितेवर ठेवल्यावर म्हणणार आहात का?"

तर अशा माणसाच्या खिडकीखाली गलबत येऊन उभं राहिलं. आणि काही दिवसांनी मिहिर आला. मुलुंडचा पोरगा, आर्किटेक्टच्या ऑफिसातला, गोड बोलणारा. गलबताशेजारी माहितीचा बोर्ड लावायचा होता आणि माहिती कोणाकडेच नव्हती. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "जुनं आहे." एवढंच. पुढच्या टोकाला, नाळेवर, असायचं ते नावसुद्धा पार गेलं होतं. सोसायटीत कोणीतरी म्हणालं, नवव्या मजल्यावरचे मोंडकर काका गलबतावर होते, त्यांना विचार.

बाकावर बसून जयवंतरावांनी विचारेल ते सांगितलं. कौलं, दारूखाना, करपलेला भात. पोरगा हसला, यांना हसू आलं नाही. सांगत होते ते स्वतःच्या गलबताचं. मिहिरला वाटलं, समोरच्याचंच. आणि दोघांपैकी कोणालाच त्याचा पत्ता नाही!

"हे तर खूप मोठं आहे ना, काका?"

"आमचं एवढं नव्हतं. लहान होतं."

"असं?" मिहिर लिहायचा थांबला. "मग पुढे काय झालं?"

"पंच्याहत्तर साली अण्णांनी वाढवलं."

"ओके, ओके! आत्ता लिंक लागली," मिहिर म्हणाला, आणि खूश होऊन गेला.

बोर्ड लागला. 'श्री रामेश्वर प्रसाद. तांडेल विठोबा मोंडकर यांचे मालवाहू गलबत. मंगळूर ते मुंबई कौलांची वाहतूक. १९७५ साली गलबत वाढवण्यात आले.' अनावरणाला सेक्रेटरी नंदकिशोर यांनी माइकवरून सांगितलं, आता श्रीफळ वाढवून आपण उद्घाटन करू या. आणि बोर्डाखालच्या दगडावर दणकन आपटून नारळाची दोन शकलं केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, खोबरं खाल्लं. कोणाची म्हणून ट्यूब पेटली नाही.

जयवंतरावांनी बोर्ड वाचला. झालेला घोटाळा त्यांना पहिल्या फटक्यात कळला. एरवी माणूस तरातरा ऑफिसात गेला असता. हे उभे राहिले, मनात म्हणाले, अक्षर चांगलं आहे. आणि लिफ्टकडे वळले.

"बाबा, अण्णांचं नाव! कसलं झकास वाटतंय!" सुशांत म्हणाला. त्याने फोटो काढून मोंडकरांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठल्या कुठे गेला, आणि तिसऱ्या दिवशी सुशांतला फोन आला. भाऊची मुलगी श्रुतिका.

"बाबांनी बोर्ड वाचला," ती म्हणाली. "दोन दिवस गप्पच बसलेत. आज म्हणाले, रविवारी मला नाहूरला ने."

सुशांत नाचायचा बाकी होता. मानसीने तेवढ्यात वड्यांचं पीठ कोणाकडे मिळेल ते विचारून घेतलं. आणि जयवंतरावांना काहीतरी जाणवलं. वर्षभरात पहिल्यांदा. आनंद नव्हे हो, भीती.

त्यांना सगळं लख्ख दिसलं. भाऊला वाटलंय, गलबत जिवंत आहे. अण्णांनी ते फोडलं नव्हतं, कोणाला तरी देऊन टाकलं होतं, त्याने ते मोठं केलं, आणि इतकी वर्षं आपण उगाच राग धरला, असंच वाटलं असणार. म्हातारा येईल, फळीवर हात ठेवेल, आणि हात ठेवल्याक्षणी ओळखेल. मग या खडीवरून जो मागे फिरेल तो कायमचा. आता परत यायला दोघांकडे वर्षं कुठे उरलीत?

"सुशांत, ते गलबत आपलं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. सुशांतने कपाळावर हात मारला. "अरे यार, बाबा! वाट लागली! मग त्या मिहिरला आधी सांगायचं ना!"

"मी सांगितलं तेच त्याने लिहिलंय."

"श्रुतिकाला फोन करून सांगू का?"

जयवंतराव खिडकीकडे वळले. फोन करून काय सांगायचं? की येऊ नको, गलबत वाढवलंय? पुन्हा तोच शब्द. दुसरा तोंडात येतो का ते त्यांनी बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून बघितलं. 'मो' पर्यंत आला. पुढे सरकेना. बाहेर येऊन म्हणाले, "असू दे. येऊ दे त्याला." पण रविवारपर्यंत त्यांना धड झोप लागली नाही. बधिर माणसाला एवढी भीती वाटू शकते याचंच त्यांना नवल वाटत होतं.

रविवारी सकाळी भाऊ आला. गाडीतून उतरायलाच त्याला वेळ लागला. केवढा धिप्पाड गडी होता, आता शर्टाच्या आत नुसती हाडं. हातात काठी. जयवंतराव साखळीपाशी उभे होते.

"काय रे, बरो मा?" भाऊ म्हणाला. जणू कालच भेटले होते.

"बरो."

भाऊने साखळी उचलली आणि खालून वाकून सरळ आत शिरला. वॉचमन "अंकल, अंकल" करत धावला, त्याला सुशांतने थोपवलं. भाऊ गलबताच्या कडेकडेने चालला. एका फळीवर तळवा ठेवला. वर डोलकाठीकडे बघितलं. आता संपलं, जयवंतरावांना वाटलं.

"ह्या आपला न्हय," भाऊ म्हणाला.

"न्हय, भाऊ." जयवंतराव म्हणाले. "मी सांगणार होतंय..."

"सांगूक कित्या होया? माका ठावक होता." भाऊ काठी टेकत बोर्डासमोर आला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्या वाचलंय नि समाजलंय. श्रुतिका म्हणता, बाबा, गलबत मोठा केल्यानी वाटता. म्हटलंय, मोठा खयचा बाये! गलबताक ह्यो शब्द आपल्या घराभायर कोण घालतलो? म्हटलंय, जयवंतान अजून म्हणूक नाय. आणि मरासर म्हणूचोव नाय." आणि तो हसला. तोंडात दात नाहीत, डोळ्यांत पाणी, आणि माणूस खो खो हसतोय.

जयवंतरावांनी विचारलं, "मगे इलस कित्या?"

"आता किती वाट बघू रे? अठ्ठ्याहत्तर झाली माका. तू नको म्हणू. माझी काय जबरदस्ती नाय. माझा चुकला." भाऊ बाकावर बसला आणि शेजारची जागा थोपटली. "बस. नलिनीचा कळला माका. त्या वक्ताक मी हॉस्पिटलात होतंय. श्रुतिका म्हणाली, काकीक तरास नाय झालो."

जयवंतराव बसले. समोर निळे दिवे दिवसाउजेडी तसेच जळत होते, कोणी बंद केले नव्हते. कोणी काही मागत नव्हतं. उत्तर तर तयारच होतं, वर्षभर तेच देत आले होते. त्यांनी तोंड उघडलं.

"भाऊ, अण्णांनी गलबत मोडल्यानी," ते म्हणाले. "कुऱ्हाडीन मोडल्यानी. मी थयच होतंय."

भाऊने मान हलवली.

"आणि नलिनी मेली." त्यांचा ओठ थरथरायला लागला, आणि तो त्यांचाच होता. "मेली रे, भाऊ. खूप तरास झालो तिका."

भाऊने काठी खाली ठेवली आणि त्यांना जवळ घेतलं. नवव्या मजल्यावर मानसी वडे तळत होती, तिने खाली कोणीतरी मोठ्याने रडतंय म्हणून खिडकीतून वाकून बघितलं. तिला आधी आवाज ओळखूच आला नाही.