कुंकवाच्या जागेची कातडी

अंगात येणं, करणी, भुताटकी — असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलो. हायस्कूलला सायन्स शिकवायचो. आजही हसतो. फक्त ही एक गोष्ट सोडून...

१९७१ साल असेल. आमचं गाव पाथर्डीजवळ. थोरली बहीण सुमनअक्का शेवगावकडे दिलेली. तिच्या नाकावर फोड आला, चिघळला, बरा होईना. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी निम्मं नाक काढलं आणि कपाळाची कातडी वळवून नवं नाक केलं. नेमकी कुंकवाच्या जागेची! "काही दिवस नाकाला हात लागला तर कपाळाला लागल्यासारखं वाटेल," असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

दाजी दवाखान्यात एकदाच आले. ड्रेसिंग चालू होतं, ते बघून दारातूनच परतले. मग सासूचा निरोप आला — नाक कापलेली सून घरात कशी ठेवायची? मी अक्काला आमच्याकडे आणलं.

एके दुपारी ती ओसरीवर बाजरी निवडत होती. मी समोरच पेपर तपासत होतो. एकाएकी तिनं मान मागं घेतली.

"आये, कुकू कोन लावतंय गं मला?"

"कोन न्हाई बाई," आई चुलीपासून म्हणाली.

"न्हाई कसं? बोट टेकलंय की... हितं." तिनं नव्या नाकाकडे बोट केलं. "ह्यांचंच हाय. लग्नात टेकलं हुतं, तसंच."

तिच्याजवळ माशीसुद्धा नव्हती. मी बघत होतो.

बाजारच्या दिवशी शेवगावहून मामा आले. दाजींनी दुसरं लग्न केलं होतं. अक्का बाजरी निवडत होती, त्याच दुपारी! आमच्यापैकी कुणालाही पत्ता नव्हता.

अक्का रडली नाही. उठून मोरीवर गेली आणि कपाळ धुतलं. परत कुंकू लावलंच नाही. आई ओरडली, "अगं, नवरा जिता हाय!"

"मंग आसू दे की जिता," ती म्हणाली.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांना विचारलं. "नाकाला काहीतरी लागलं असेल," ते म्हणाले.

"नाही साहेब, मी समोर होतो."

"मग सांगता येणार नाही," म्हणत त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

वर्षभरानं दाजी आले. नाक निरखून म्हणाले, "झ्याक बसलंय की! एवढं बरं व्हईल आसं वाटलं न्हवतं."

"पानी पिऊन घ्या," अक्का म्हणाली. "यस्टी चुकंल तुमची."

अक्काला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ज्या माणसानं तिला साधा निरोपही धाडला नाही, त्याचं लग्न तिला आमच्या ओसरीवर बसून कसं कळलं... मला अजून माहीत नाही.