फोरमनच्या सायलेन्सरवरचा थर

इस्त्रीवालीच्या संसाराची सुरुवातीची वर्षं बरी गेली, कारण तेव्हा फोरमनकडे मोटारसायकल नव्हती.

ती एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी दिवसभर उभी असायची. तो बाटल्यांच्या कारखान्यात फोरमन. हाताखालची माणसं त्याला टरकून असत, आणि कारखान्यातला तो आवाज गेटपाशी ठेवून यायचं त्याला कधी जमलं नाही. गल्लीत सगळेच त्याला फोरमन म्हणत. पुढे पुढे तीही चारचौघांत ‘आमचे फोरमन’ असंच म्हणू लागली.

गाडी आली ती जुनीच, पण दणकट. दोन्ही बाजूंना क्रोमचे लांबलचक सायलेन्सर. सुट्टीच्या दिवशी फोरमन व्हरांड्यात स्टूल टाकून बसायचा आणि मऊ फडक्याने ते असे लखलखीत करायचा, की त्यात बघून भांग पाडावा. खरंच पाडायचा. लहान मुलगी रांगत तिकडे गेली की ओरडायचा, “उचल हिला. बोटं उमटतात.”

मुलगी पाच-सहा वर्षांची असताना शेजारच्यांकडे इस्त्रीवालीच्या भावाचा फोन आला. आईला दवाखान्यात ठेवलंय, सारखं तुझंच नाव घेतेय, असशील तशी नीघ. मुलीला शेजारणीकडे सोडून ती गाडीवर मागे बसली. पाऊस भुरभुरत होता म्हणून अंगात प्लास्टिकचा रेनकोट चढवलेला. गाव मागे पडलं आणि तिला ओळखीचा वास आला. लाँड्रीत एखादी नवी पोरगी नायलॉनवर गरम इस्त्री टेकवते, तेव्हा येतो तसा. पाठोपाठ पोटरीला चटका बसला. रेनकोटची कड सायलेन्सरवर जाऊन वितळली होती.

फोरमनने गाडी कडेला घेतली, उतरला आणि वाकून बघितलं.

“अहो, पाय भाजला माझा,” ती म्हणाली.

तो पायाकडे बघतच नव्हता. क्रोमवर वीतभर काळपट, बुडबुडे आलेला थर बसला होता.

“असंच पुढे गेलो तर हे भाजून भाजून पक्कं बसेल,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता काढ.”

“आई वाट बघतेय.”

“मग हात चालव.”

कसं काढायचं ते तिला सांगावं लागलं नाही. इस्त्रीच्या तळाला चिकटलेलं नायलॉन ती रोजच काढायची. लोखंड पार गरम असताना प्लास्टिकची तार सुटते, पार गार झालं की त्याचा दगड होतो. मधल्या उबेत लाकडाने कडेकडेने सोडवत न्यायचं. पत्रा नाही, चाकू नाही. चरा पडला की कायमचा. तिने पिशवीतून लाकडी कंगवा काढला आणि चिखलात उकिडवी बसली. पाऊस सायलेन्सर गार करत होता, म्हणून फोरमन मधूनमधून गाडी चालू करून तो पुन्हा तापवत होता. बाकीचा वेळ तो बोटाने दाखवत होता. “इथे राहिलंय. तिथे खाली. नीट बघ जरा.”

उठावं आणि चालायला लागावं, असं एकदा तिच्या मनात आलं. रस्ता दोन्हीकडे मोकळा होता. चालत गेली असती तर रात्र झाली असती. ती बसून राहिली, खरवडत राहिली.

दवाखान्याच्या पायरीवर भाऊ बसलेला दिसला. त्याने मान वर केली नाही. “आत्ताच गेली,” तो म्हणाला. “दार वाजलं की विचारायची, ताई आली का.”

“वाटेत गाडीचा खोळंबा झाला,” फोरमन म्हणाला आणि गाडी आडोशाला लावायला गेला.

सायलेन्सरवर एक तपकिरी झाक राहून गेली होती. “तू केलंस, तूच निस्तर,” असं म्हणून फोरमनने ते काम तिच्या गळ्यात घातलं. दर सुट्टीला रॉकेलचा बोळा, केसासारख्या मऊ तारेचा काथ्या, वर पॉलिश. झाक कधीच गेली होती, तरी त्याला ती दिसायची. मुलगी शिकली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तरी हे चालूच.

मग फोरमन निवृत्त झाला आणि वर्षाच्या आतच त्याला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. इस्त्रीवालीने लाँड्री सोडली. त्याला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं ती बिनबोभाट करत होती. आठवड्यातून एकदा व्यायाम करून घेणारी बाई यायची, उजवा हात वरखाली करायची आणि हताश चेहऱ्याने निघून जायची.

एका सकाळी इस्त्रीवालीने त्याला व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं. गाडीवर धूळ साचली होती. तो घशातून काहीतरी घरघरला. तिला वाटलं, पुसून घ्यावी. बसून तरी बघेल. ती फडकं घेऊन वाकली. थोड्या वेळाने तिने वर बघितलं, तर फोरमन डावा हात उचलून बोटाने दाखवत होता. खाली. तिथे राहिलंय.

ती उठली. स्वयंपाकघरातून दुधाची रिकामी पिशवी आणली. किल्ली फिरवून किक मारली, सायलेन्सर चांगला तापू दिला आणि पिशवी त्यावर पसरली. पिशवी आक्रसली, तिला बुडबुडे आले, वास सुटला. फोरमनच्या तोंडून असा आवाज निघाला, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. तिने गाडी बंद केली, खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्या हातात लाकडी कालथा दिला.

“काढा,” ती म्हणाली. “गार झालं की दगड होतो त्याचा.”

तो डाव्या हाताने खरवडू लागला. तिने थोडा वेळ बघितलं, मग हे त्याला फार सोपं जातंय, असं तिला वाटलं. तिने त्याचा डावा हात जुन्या उशीच्या अभ्र्याने खुर्चीच्या दांड्याला बांधला आणि कालथा उजव्या हाताच्या बोटांत खोचला.

कालथा पडला. तिने उचलून दिला. पुन्हा पडला. ती समोर ताट घेऊन बसली आणि जेवली. तिला जेवण गोड लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एकदा त्याचा लेंगा ओला झाला. “आधी तेवढी कड होऊ दे,” ती म्हणाली, आणि कड होईपर्यंत तिने तो बदलला नाही.

मग हे रोजचंच झालं. थर निघत आला, की नवी पिशवी. व्यायामवाली एकदा अवचित आली, तेव्हा तो बांधलेल्या डाव्या हातानिशी सायलेन्सरवर झुकला होता. इस्त्रीवाली अभ्र्याची गाठ सोडायला धावली.

व्यायामवाली खाली बसून बघत राहिली. “हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कुणी नाही.”

“अहो, असंच करायचं असतं. चांगला हात बांधून ठेवला की आजारी हाताला पर्याय राहत नाही. बोटं बघा त्यांची, वळताहेत.” जाताना तिने फोरमनचा खांदा थोपटला. “नशीबवान आहात, काका.”

फोरमनने तिची ओढणी धरायचा प्रयत्न केला. तिला वाटलं, निरोप देतोय.

गल्लीतही बोलबाला झाला. सारखी गाडीपाशी घेऊन बसते त्याला, किती करते नवऱ्याचं. इस्त्रीवाली मान खाली घालायची, लोक त्याला विनय समजायचे.

एका दुपारी फोरमनने सगळा थर काढला. एक टिपकाही उरला नाही. त्याने कालथा मांडीवर ठेवला, तिच्याकडे बघितलं आणि ओठ जुळवत जुळवत म्हणाला, “झालं.”

झटक्यानंतरचा तो त्याचा पहिला शब्द. तिने त्याच्या तोंडाची लाळ पुसली.

“छान झालं,” ती म्हणाली आणि गाडीला किक मारली. तो रडायला लागला. तिने पिशवी पसरली.

मुलगी राहायला आली ती न कळवता. दारातच नाकाला पदर लावल्यासारखा हात लावला. “आई, काय जळतंय?” मग तिला खुर्ची दिसली, अभ्रा दिसला, बाप दिसला.

“बाबांचा व्यायाम,” इस्त्रीवाली म्हणाली.

मुलीने अभ्रा सोडला. बापाच्या मनगटावर वळ होता. बापाने सायलेन्सरकडे बोट केलं, मग बायकोकडे, आणि त्याला तेवढे दोन शब्द जमले. “ही. जाळते.”

“का गं?” मुलीने विचारलं.

आईने सगळं सांगितलं. रस्ता, पाऊस, कंगवा, पायरीवरचा मामा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि भाजीचा भाव सांगावा तसं. मुलीने ऐकता ऐकता अभ्र्याची घडी घातली. मग म्हणाली, “तेव्हा का नाही भांडलीस?”

इस्त्रीवाली भांडी घासायला उठली.

दुसऱ्या दिवशी मुलीने गॅरेजवाल्याला बोलावून गाडी देऊन टाकली. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत फोरमन बघत होता. जाताना मुलीने आईला बजावलं, “त्यांना आता निवांत बसू दे.”

इस्त्रीवालीने तसंच केलं, अगदी शब्दाला जागून. फोरमन निवांत बसला. कुणी कालथा दिला नाही, कुणी हात बांधला नाही. हिवाळा सरता सरता उजवी बोटं मिटली ती उघडेनात. जमलेले शब्दही एकेक करून गेले. व्यायामवालीने विचारलं, “गाडीचं ते का थांबवलंत?”

त्या संध्याकाळी इस्त्रीवालीने मुलीला फोन लावला.

“हात गेला त्यांचा पुन्हा,” ती म्हणाली. “व्यायामाच्या बाई म्हणाल्या, गाडी राहिली असती तर चाललाही असता पुढेमागे.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तुला मी दोष देत नाही,” इस्त्रीवाली म्हणाली. “पण कळवावं म्हटलं. तूच दिलीस ना गाडी.”

पलीकडून हुंदका आला. इस्त्रीवालीने तो पुरता ऐकून घेतला, मग फोन ठेवला आणि फोरमनचं जेवण कालवायला घेतलं.