झाकण आणलंय का?

अप्पांच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न अप्पाच विचारतात. "मुच्चळ तंदीरेन्री?" आणि माणूस मराठी दिसला तर, "झाकण आणलंय का?"

दुकान जुन्या हुबळीत, एका बोळाच्या तोंडाशी आहे. कुकरची गास्केटं, शिट्ट्या, मिक्सरची पाती, भांड्यांच्या मुठी असलं सामान आम्ही विकतो. लोक येतात आणि म्हणतात, पाच लिटरचं गास्केट द्या. अप्पा देत नाहीत. पाच लिटरचे कुकर दहा तऱ्हेचे असतात, झाकण हातात आल्याशिवाय गास्केट बसेल की नाही ते कळत नाही, असं ते शांतपणे सांगतात. कोणी चिडतं. एकदा एक बाई लांबून रिक्षा करून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो अण्णा, गास्केट न्यायला आले, सोयरीक जुळवायला नाही."

"तेच की, अक्का," अप्पा म्हणाले. "सोयरिकीत मुलगी न बघता हौ म्हणतात का?"

बाई हसल्या, पण गेल्या त्या गेल्याच. मी तेव्हा शाळेत होते आणि गल्ल्याजवळ बसून गृहपाठ करत होते. मला लाज वाटली. आपले वडील लोकांना इतके प्रश्न का विचारतात, असं मला वाटायचं.

मी स्वतः प्रश्न विचारत नाही. म्हणजे विचारत नव्हते. आमच्या घरात पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. इंजिनिअरिंगच्या वर्गात पहिल्या दिवसापासून मला एकच वाटत आलं, की बाकीच्यांना सगळं आधीपासून ठाऊक आहे आणि मला तेवढं कोणी सांगायचं विसरलंय. सर विचारायचे, काही शंका? मी वहीत बघायचे.

तिसऱ्या वर्षी लॅपटॉप घ्यायचं ठरलं. नवा परवडणारा नव्हता. हुबळीत एक दुकानदार मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप साफसूफ करून विकतो. त्यातला एक मला आवडला. काळा, पातळ, वजनाला एखाद्या पुस्तकाएवढा, ऑफिसातली मोठी माणसं वापरतात तसला. अप्पा बरोबर आले होते. दुकानदार त्याचे गुण सांगू लागला तसं अप्पांनी हात वर केला.

"चांगलं काय आहे ते राहू दे. ह्याला काय बसत नाही ते सांगा."

दुकानदार जरा थांबला. मग खरं बोलला. मेमरी बोर्डावरच पक्की केलेली आहे, पुढं वाढवता येणार नाही. मोठ्या प्रोजेक्टरची जुनी वायर थेट लागणार नाही, मधे जोडणी घ्यावी लागेल. जुना प्रिंटर चालेल की नाही, सांगता येत नाही.

"आयतु, झालं तर," अप्पा म्हणाले. "माणूस खरा आहे. घेऊया."

मी मात्र घरी येऊन घाबरले. मेमरी वाढत नसेल तर कॉलेजचं डिझाइनचं सॉफ्टवेअर चालेल का? कोणाला विचारावं? नेटवर शोधताना मला एक पान सापडलं. तिथं ह्याच लॅपटॉपचे मालक एकमेकांना प्रश्न विचारतात. जगभरचे लोक आहेत. मी ते पान कादंबरी वाचावी तसं वाचलं. मला वाटलं होतं, असला लॅपटॉप बाळगणाऱ्यांना सगळं माहीत असणार. पण कोणी विचारत होतं, दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावला तर जळेल का? कोणी म्हणत होतं, माझा प्रिंटर ह्याला ओळखतच नाही, माझं काय चुकतंय? एकानं सुरुवातच अशी केली होती, की हा मूर्ख प्रश्न असेल, माफ करा. त्याच्या खाली सात जणांनी समजावून उत्तर दिलं होतं. कोणी हसलं नव्हतं. ते वाचून मला किती बरं वाटलं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

सॉफ्टवेअर चाललं. जरा हळू, पण चाललं.

दसऱ्याच्या सुटीत एक निरोप आला. बेंगळुरूच्या एका कंपनीत सहा महिने शिकाऊ म्हणून काम मिळणार होतं आणि त्यासाठी घरून ऑनलाइन परीक्षा द्यायची होती. परीक्षा दसऱ्यानंतरच्या रविवारी. नियम कडक होते. लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेरा पूर्ण वेळ सुरू हवा, बाहेरून लावलेला चालणार नाही, फोन चालणार नाही. आधी एक तपासणी करून घ्यायची, ती पास झाली तरच रविवारी पेपर उघडणार. आमच्या वर्गातल्या बहुतेकांच्या ओळखीपाळखी होत्या, कोणाचा काका, कोणाचा मावसभाऊ कुठल्यातरी कंपनीत होता. माझ्याकडे ही एकच वाट होती.

शुक्रवारी मी तपासणी सुरू केली आणि कॅमेऱ्यात माझा अर्धाच चेहरा आला. डावी बाजू काळी. उजवी दिसत होती, पण लालसर, धुरकट, कुठंतरी होळी पेटल्यासारखी. खाली लिहून आलं, चेहरा ओळखता येत नाही.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, कॅमेऱ्यावर एक बारीक सरकती झडप असते, ती उघडली का? उघडली होती. निदान जेवढी सरकत होती तेवढी सरकवली होती. घेतल्यापासून मी कॅमेरा एकदाच, त्याच्या दुकानात बघितला होता, त्यामुळं झडप तेवढीच सरकत असेल असं मला वाटलं. "मग सॉफ्टवेअरचं काहीतरी असणार, ताई. सुटी आहे, दुकानातली मुलं गावाला गेलीत. सोमवारी घेऊन या."

सोमवारी काय करायचं होतं मला! मैत्रिणीचा लॅपटॉप मागावा तर तिचीही तीच परीक्षा त्याच वेळी.

मग मी त्या पानावर पहिल्यांदाच स्वतः लिहिलं. इंग्रजीतली चार वाक्यं लिहायला मला फार वेळ लागला. त्यात दोनदा माफी मागितली होती. उत्तरं भराभर आली. एकानं कॅमेऱ्याचं ड्रायव्हर काढून पुन्हा घालायला सांगितलं. घातलं. दुसरा म्हणाला, नव्या विंडोजशी ह्या मॉडेलच्या कॅमेऱ्याचं पटत नाही, जुन्यावर परत जा. ते वाचून माझं उरलंसुरलं अवसान गेलं. पटत नसेल तर पटत नसेल, त्यात मी काय करणार?

आई स्वयंपाकघरातून दोन-तीनदा येऊन गेली. "काय करालीस गं तेव्हापासून? जेव की."

"कॅमेरा चालत नाही."

"नवीनच घेतलाय की तो!"

"नवीन नाही, आई. जुनाच आहे."

"आपल्याला नवीनच तो," आई म्हणाली.

शनिवारी सकाळी आणखी एकाचं उत्तर आलेलं होतं. नावाच्या जागी एका मोठ्या माशाचा फोटो होता, म्हणून मी मनात त्याला मासेमामा म्हणू लागले. कुठल्या देशातला होता कोण जाणे. त्यानं विचारलं होतं, कॅमेरा शेवटचा नीट कधी चालला आणि त्यानंतर काय बदललं?

मी लिहिलं, काही बदललं नाही.

त्यानं पुन्हा विचारलं, नक्की? पडला? पाणी सांडलं? कोणी दुसऱ्यानं हाताळला?

मी लिहिलं, नाही. आणि मी खरंच तसं मानत होते.

तेव्हा त्यानं लिहिलं की मग आम्ही सगळे अंधारात बोलतोय. झडप उघडी ठेवून, दिव्याखाली धरून, अगदी जवळून कॅमेऱ्याचा फोटो काढ आणि इथं टाक. वस्तू बघितल्याशिवाय मी आणखी काही सांगणार नाही.

मी ते वाचून अप्पांना मराठीत सांगितलं. अप्पा दुकानात जायला निघाले होते, ते चप्पल घालता घालता थांबले. "बघ की," ते म्हणाले, "तोपण झाकण मागतोय." आणि चप्पल काढून परत आत आले. बॅटरीचा उजेड त्यांनीच धरला. मी फोनवर फोटो काढून पाठवला.

उत्तर यायला थोडा वेळ गेला. मासेमामानं माझाच फोटो मोठा करून, एका जागी गोल काढून परत पाठवला होता. झडपेच्या खाचेत लाल कण अडकलेले दिसत होते. खाली एकच ओळ होती, हा गंज आहे का?

मी त्या गोलाकडे बघत राहिले आणि मला खंडेनवमीची सकाळ आठवली.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. दुकानातली यंत्रं, पक्कड, हातोडे, घरातला मिक्सर, माझी सायकल. त्या वर्षी आईनं लॅपटॉपही पाटावर मांडला होता. मी तो मिटून ठेवला होता. आई म्हणाली, "उघड की गं. मिटल्या तोंडाला कुंकू कसं लावू?" मी उघडला. आईनं बोट ओलं करून, पडद्याच्या वर, बरोबर मध्यावर, जिथं माणसाचं कपाळ असतं तिथं ठसठशीत कुंकू लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनंच ते पदरानं पुसून काढलं, अगदी लख्ख. पुसताना ते खाचेत गेलं असणार.

काय बदललं, असं त्यानं दोनदा विचारलं होतं आणि मला ते सुचलंसुद्धा नव्हतं. आमच्या घरात कुंकू लावणं हा बदल नसतोच. ते न लावणं हा बदल.

"काय म्हणतो तो?" आईनं विचारलं. ती माझ्या मागंच उभी होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण गोलातले ते लाल कण तिच्यासमोर होते.

"धूळ अडकली म्हणतो," मी म्हणाले.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. शिट्ट्यांची भोकं साफ करायचा त्यांचा मऊ ब्रश त्यांनी पिशवीतून काढला. "पांढरं कापड आण गं जरा," ते आईला म्हणाले. आईनं धुवून ठेवलेल्या धोतराचा तुकडा आणला. मी फुंकर मारायला गेले तर अप्पा ओरडले, "फुंकू नको! ओलं होऊन चिकटंल." मग मी लॅपटॉप उलटा धरला आणि ते ब्रश हळूहळू फिरवू लागले. पांढऱ्या कापडावर लाल भुकटी पडत होती. थोडीच, चिमूटभरसुद्धा नाही. झडप एकदम टक् करून पूर्ण सरकली.

मी कॅमेरा सुरू केला. माझा पूर्ण चेहरा दिसला, मागं अप्पांचा अर्धा. तपासणी पास झाली.

आईनं कापड उचललं, त्याची चारी टोकं आत घेतली आणि ती मोरीकडे गेली. बराच वेळ आतून पाण्याचा आवाज येत होता. मला उठून तिच्यामागं जावंसं वाटलं, पण जाऊन काय बोलायचं ते कळेना. मी बसून राहिले.

रविवारी पेपर सुरू व्हायच्या आधी खोली कॅमेऱ्यात फिरवून दाखवायची होती. मी लॅपटॉप हातात घेऊन गोल फिरले. कॅमेऱ्यानं भिंत बघितली, देव्हारा बघितला, लोक दुकानात विसरून गेलेली आणि अप्पांनी घरी आणून ठेवलेली कुकरची झाकणं बघितली. आई दाराबाहेर भिंतीला चिकटून उभी होती, आपण दिसलो तर पोरीचा पेपर रद्द होईल म्हणून. मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या.

संध्याकाळी मी मासेमामाला लिहिलं की तो गंज नव्हता. ते काय होतं, हे समजावायला मला परीक्षेपेक्षा जास्त घाम फुटला. शेवटी लिहिलं, आम्ही वर्षातून एकदा कामाच्या वस्तूंचे आभार मानतो, त्याची ती लाल पूड, माझ्या आईनं लावली होती. त्यानं उत्तर दिलं, गंज नाही हे वाचून बरं वाटलं, पण ह्या झडपेला ती चालत नाही. मग खाली दुसऱ्या ओळीत, तुझ्या आईला नमस्कार सांग.

तो नमस्कार मी आईला सांगितला नाही. सांगायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं.

शिकाऊचं काम मिळालं. अर्धं बेंगळुरूत, अर्धं घरून. त्या पानावर मी अजून जाते, आता कधीकधी उत्तरंही देते. कोणी विचारलं, की माझा कॅमेरा धुरकट दिसतो, तर मी ड्रायव्हरचं काही बोलत नाही. आधी फोटो मागते.

ह्या वर्षी खंडेनवमीला आईनं पाट मांडला. पक्कड, हातोडे, मिक्सर, सायकल झाली. मी लॅपटॉप आणून पाटावर ठेवला आणि सवयीनं उघडू लागले, तर आईनं माझा हात धरला. तिच्या बोटावर ओलं कुंकू होतं. ती माझ्याकडे न बघता, लॅपटॉपकडे बघत बोलली.

"ह्याला कुठं चालतं गं? सांग. विचारून लावते."

तिला वर्षभर ठाऊक होतं तर. मी लॅपटॉप मिटला आणि तिचं बोट धरून वर, बाहेरच्या काळ्या झाकणावर, मध्यभागी टेकवलं.

"इथं," मी म्हणाले. "इथं कितीही लाव."