करडईचं तेल, डिझेलची विहीर

ऑईल मिलची टाकी फुटली तेव्हा मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा नवा होता आणि सोलापुरातलं आमचं कार्यालयही. भाड्याच्या घरातल्या तीन खोल्या, त्यातल्या एकीत प्रयोगशाळा. बाटल्या आल्या होत्या, खुर्च्या यायच्या होत्या. तिथं मी एकटीच बाई. माझे साहेब पाटबंधारे खात्यातून आलेले, सज्जन माणूस, पण कायद्याच्या पुस्तकाबाहेर एक पाऊल टाकायचे नाहीत.

शहराच्या कडेला ती मिल होती. दुधनीकडून ट्रक भरून करडई यायची आणि तिचं तेल इथं निघायचं. एका सकाळी साठवणीच्या टाकीचा खालचा जोड निखळला. तेल गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून खालच्या तळ्यात गेलं. आम्ही पोचलो तोवर ओढ्याकाठी जत्रा भरली होती. दिवस तेलाच्या टंचाईचे होते. नवी पेठेत किराणा दुकानांपुढं डबे घेऊन रांगा लागायच्या. बायका जुन्या चादरींचे तुकडे ओढ्यात बुडवत होत्या आणि घमेल्यात पिळत होत्या.

"अहो, खाऊ नका ते! गटाराचं पाणी आहे त्यात," मी ओरडले.

"खातंय कोण बाई? दिव्याला व्हईल की," एक जण हसून म्हणाली. बाकीच्या हसल्या नाहीत, मान खाली घालून पिळत राहिल्या.

मिलचे मालक दुधनीचे. घरी कन्नड बोलणारे, मराठी बोलताना शब्द जपून टाकणारे. ओढ्यावरून आम्ही मिलमध्ये गेलो तेव्हा माझ्या हातातली नमुन्याची बाटली त्यांनी पाहिली, टाकीच्या जोडावरून बोट फिरवलं आणि ते बोट चाटलं.

"मॅडम, यात विष काय आहे सांगा. आज सकाळी तुमच्या घरी फोडणी याचीच होती की. पेट्रोल सांडलं असतं तर गोष्ट वेगळी."

मी बाटलीवर नमुन्याचा क्रमांक लिहिला. बाटली घेऊन परत आले तरी ते चाटलेलं बोट डोळ्यांपुढून जाईना. रात्री घरी जेवताना भाजीवरचा तवंग दिसला आणि मी ताट बाजूला सारलं. आईनं विचारलं, "बरं नाही का?" मी उठून गॅलरीत फेऱ्या मारत राहिले.

दोन-तीन दिवसांत तळ्यातले मासे पोट वर करून तरंगायला लागले. तळ्यावर मासेमारी करणारं एक भोई कुटुंब होतं. त्यातली बाई काठावर बसून टोपलीनं मेलेले मासे बाहेर काढत होती. जवळच गवतात एक टिबुकली, तळ्यात बुड्या मारणारं छोटं पाखरू, पडली होती. पिसं अंगाला चिकटलेली, पाण्यात उतरायला धडपडणारी. मी तिला रुमालात घेतलं. तेलानं हात बुळबुळीत झाले आणि वास आला तो स्वयंपाकघराचा.

"बाई, तेल तर आपुन खातो की," भोईण म्हणाली. "मग मासं का मेलं?"

तेच मला हवं होतं, कुणीतरी मला विचारायला हवं होतं. मी तिथंच बाटलीत तळ्याचं पाणी घेतलं आणि त्यात दोन औषधं टाकली. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका बसतो. साका पांढराशुभ्र बसला. मी तिला सांगितलं, वरचा तेलाचा पापुद्रा हवा आत येऊ देत नाही, आणि पाण्यातले जंतू ते तेल खाता खाता उरलासुरला प्राणवायूही संपवून टाकतात.

"म्हंजे गुदमरून मेलं," ती म्हणाली.

"हो."

तिनं टोपली उपडी केली आणि माझ्याकडं पाठ करून बसली. टिबुकली संध्याकाळपर्यंत जगली नाही.

मिलचा अहवाल अजून लिहिला नव्हता, तोच एक मास्तर कार्यालयात आले. शहराबाहेरच्या बौद्ध वस्तीत राहणारे, अंगात धुतलेला पांढरा सदरा, हातात पाण्यानं भरलेली काचेची बरणी. त्यांनी बरणी माझ्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. खोलीभर डिझेलचा दर्प पसरला.

"ही आमची विहीर," मास्तर म्हणाले. "शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याची डिझेलची टाकी जमिनीत पुरलेली आहे. ती गळते. तो म्हणतो, गळत नाही."

मी विहिरीवर गेले. पाणी वरून स्वच्छ, फक्त ऊन पडलं की त्यावर सप्तरंग फिरायचे. मास्तरांनी सांगितलं, गावच्या विहिरीवर त्यांच्या माणसांना पोहरा टाकू देत नसत, म्हणून त्यांच्या वडिलांच्या पिढीनं सुट्टीच्या दिवशी राबून ही खणली. खडक लागला तरी सोडली नाही. आता बायका पुन्हा दूरच्या पाण्याला जात होत्या.

दोन्ही नमुने मी एकाच पद्धतीनं तपासले, कारण नियमाला एकच पद्धत माहीत होती. पाण्यातलं तेल ईथरमध्ये उतरवायचं, ईथर तापवून उडवायचं आणि मागं काय उरतं त्याचं वजन करायचं. तळ्याचा आकडा भलता मोठा आला. विहिरीचा अगदी किरकोळ.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "मिल दोषी. विहिरीचं एवढं काही नाही."

"साहेब, डिझेल तापवताना ईथरबरोबर बरंचसं उडून जातं. करडईचं तेल उडत नाही. म्हणून आकडा कमी दिसतो. तुम्ही बरणीचा वास तरी घ्या."

"वास कायद्यात आहे का? कायद्यात 'तेल' आहे. आकडा आहे."

त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष लागेना. हाताला कधी तळ्याचा वास यायचा, कधी विहिरीचा. साबण लावून लावून कातडी कोरडी पडली. असंच एकदा मोरीत हात धुताना लक्षात आलं, अरे, साबण! कॉलेजात आम्ही खायच्या तेलाचा केला होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाण्यांतून निघालेलं तेल मी वेगवेगळ्या चंबूत कॉस्टिक सोड्याबरोबर उकळलं. करडईच्या चंबूत साबण झाला. डिझेलच्या चंबूत ते जसंच्या तसं वर तरंगत राहिलं.

सुनावणीला बाहेरगावचे मोठे अधिकारी आले. मी दोन्ही चंबू टेबलावर ठेवले आणि हलवले. एकात फेस आला, दुसऱ्यात नाही.

ट्रान्सपोर्टचे मॅनेजर म्हणाले, "फेसाशी आमचा काय संबंध? आमचं तेल कमी निघालं, लेखी आहे."

मिलमालक खुर्चीतून उठलेच. "बघा! आमचं तेल खायचं आहे हे तुमच्याच बाईंनी सिद्ध केलं. आता सोडा आम्हाला."

"नाही," मी म्हणाले. "तुमच्या तेलानं तळं गुदमरलं. माशांना आणि पाखरांना ते खायचं तेल नव्हतं."

अधिकारी वैतागले. "बाई, तुम्हाला हवंय तरी काय? दोन तेलांना एक नियम की दोन?"

"सांडतं तेव्हा एकच," मी म्हणाले. "कुठलंही असो, तिथंच अडवायचं, वरचं काढून घ्यायचं. पण नंतर दोन. करडईचं तेल पाण्यातले जंतू खाऊन संपवतात, तळं काही महिन्यांत सुधारेल. डिझेल जमिनीत मुरलंय, त्याला वर्षानुवर्षं काही होत नाही. एकाच तराजूत घातलं तर ज्याचा अपाय मोठा तेच हलकं भरतं."

मास्तर मागच्या बाकावर होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "साहेब, आकडा कमी आहे तर एक पेला पिऊन दाखवा." त्यांनी बरणी आणली होती. कुणीही हात पुढं केला नाही.

नियम बदलायचा अधिकार आपल्याला नाही, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. तरी निकालात त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं. मिलमालकांना टाकीभोवती बांध घालायला आणि गटारावर तेल अडवायचा हौद बांधायला सांगितलं. त्यांनी कुरकुरत बांधला. तळ्यावरचा थर काढायचं काम भोई कुटुंबालाच दिलं, चादरींच्या चिंध्यांनी त्यांनी तो उचलला. ट्रान्सपोर्टवाल्यांना टाकी रिकामी करून उघडून दाखवावी लागली; खालचा पत्रा गंजून चाळणीसारखा झाला होता. दोन तेलांसाठी वेगळी तपासणी हवी, असं टिपण मी वर पाठवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवलं. साहेब म्हणाले, "तुम्ही स्वस्थ का बसत नाही?" मला ते जमलंच नाही.

पुढच्या वर्षी तळ्यात मासे परतले. भोईणीनं मला हाक मारून जाळं दाखवलं आणि एक मरळ घरी न्यायला दिली. आम्ही शाकाहारी, तरी मी ती घेतली आणि शेजारी दिली.

वस्तीच्या नळासाठी मास्तरांनी नगरपालिकेत चपला झिजवल्या, तेव्हा कुठं तो आला. माझी बदली झाली तेव्हा निघण्यापूर्वी मी तिथं गेले. नळावर बायका भांडत होत्या, घागरी वाजत होत्या. मास्तरांनी विहिरीत पोहरा सोडला आणि माझ्यापुढं धरला. दर्प अजून होता.

"पोरं नळाचं पितात," ते म्हणाले. "पण ज्यांनी खणली ती म्हातारी माणसं रोज येतात आणि डोकावून जातात. त्यांना काय सांगू?"

मी म्हणाले, "अजून साफ व्हायची आहे म्हणून सांगा."

"तेच सांगतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पोहरा दूर नेऊन माळावर ओतला.