रोजामावशीची सुकेळी

आमची रोजामावशी नुसतं बोटानं दाबून सांगायची, कुठलं केळं वाळलं आणि कुठल्याला अजून एक ऊन हवं. वसईतल्या आमच्या गावात सुकेळी बऱ्याच घरी व्हायची, पण नाताळ जवळ आला की मुंबईचे व्यापारी आधी तिच्याच अंगणात उभे राहायचे. राजेळी केळी सोलून मांडवावर पसरायची, संध्याकाळी गोळा करायची, मधाचा रंग आला की केळीच्या वाळक्या सोपटात बांधायची. कुणी घासाघीस केली तर म्हणायची, "माझं ऊन सस्त्यात मिळत नाय."

काका गेल्यावर केळीची वाडी तिनंच सांभाळली. जमीन मालकाची, राबणं हिचं. कूळ म्हणून नाव लागावं यासाठी तहसील कचेरीत तिचा दावा चालू होता.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुकेळीचा धंदा वाढला आणि आयकराचं विवरणपत्र भरायची वेळ आली. मी शाळेत शिकवत होतो, म्हणून मीच तिला करसल्लागाराकडे नेलं. फॉर्मसोबत धंद्यांची यादी होती, प्रत्येक धंद्यापुढे एक आकडा.

सल्लागार म्हणाले, "केळी विकली तर शेती. वाळवून विकली की खाद्यपदार्थांचं उत्पादन. तो आकडा घालावा लागेल."

"उत्पादन म्हंजे?"

"कारखान्यासारखंच समजा."

मावशी हसली. "मांडवाला कारखाना म्हनतात होय?" पण सही केली. सल्लागारांचंही काही चुकलं नव्हतं.

आमच्याच वकिलानं उत्पन्नाचा पुरावा म्हणून त्या विवरणपत्राची नक्कल दाव्याला जोडली. पुढच्या तारखेला मालकाच्या वकिलानं त्या आकड्यावरच बोट ठेवलं. "या बाई स्वतःला उत्पादक म्हणवतात. मग जमीन कसतं कोण?"

मावशी उठून उभी राहिली. "साहेब, केळी काय आभाळातून पडतात माझ्या मांडवावर?"

तहसीलदार साहेबांनी पुढची तारीख दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर ती मांडव उतरवत होती. मी म्हणालो, "मावशी, वकील बघून घेतील."

"ते बघतील. पन वाडी गेली तर मी कुटं जाऊ?"

त्या हंगामापासून तिनं घड कच्चेच विकले. व्यापारी यायचे, हाका मारायचे, ती आतून म्हणायची, "नाय करत आता." मधल्या काळात घरात दोन सुना आल्या. त्यांना तिनं सुकेळीचं काही शिकवलं नाही, त्यांनी विचारलं तरी विषय बदलायची.

निकाल लागायला वर्षं गेली. लागला तो तिच्या बाजूनं. साहेबांनी लिहिलं होतं की पिकवलेलं वाळवून विकलं म्हणून कसणारी बाई शेतकरी राहत नाही, असं होत नाही. मी आनंदानं ते वाचून दाखवलं आणि म्हणालो, "आता घाल मांडव!"

तिनं तो कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "म्हंजे मी उगाचच बंद केलं रे?"

"तसं नाही, मावशी," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. मलाही नाही.

मांडव तिनं पुन्हा घातला नाही, आणि पुढे ती फार वर्षं राहिलीही नाही. वाडी आजही तिच्या मुलांकडे आहे. राजेळी चांगली येते. वाळवायला मात्र घरात कुणालाच येत नाही.