सोजरबाईंची जाळी

टेकडीवरच्या करवंदाच्या जाळ्या मी तोडल्या. अहवालात 'मंडळाने' असं लिहिलं आहे, पण मंडळाचा सचिव मी आणि कोयते आणून देणाराही मीच, तेव्हा अनेकवचनामागे लपण्यात अर्थ नाही.

बिबवेवाडीमागच्या टेकडीवर रोज फिरायला येणारे आम्ही बावीस जण, बहुतेक निवृत्त. सकाळी नऊनंतर काय करायचं हा आमच्यापुढचा मोठा प्रश्न, तो आम्ही मंडळ काढून सोडवला. २००८च्या डिसेंबरात ठराव झाला की उतारावरची निरुपयोगी काटेरी झुडपं काढून तिथे शंभर सावलीची झाडं लावायची. डिसेंबरात त्या झुडपांना ना फूल ना फळ. बावीस पदवीधरांपैकी एकालाही ती करवंदं आहेत हे ओळखू आलं नाही. करवंदं आम्ही फक्त मंडईत पाहिलेली, पानाच्या द्रोणात. सात जाळ्या आम्ही बुंध्यापर्यंत कापल्या. आठवी पलीकडच्या अंगाला होती, तिथे पोचेपर्यंत सगळ्यांच्या कंबरा धरल्या, म्हणून ती वाचली.

मे महिन्यात एका सकाळी कापलेल्या बुंध्यांपाशी एक म्हातारी उभी दिसली. नऊवारी लुगडं, हातात वेताची पाटी.

"कुनी तोडल्या?" तिने विचारलं.

"आम्ही," मी म्हणालो, आणि तेही अभिमानाने. "इथे झाडं लावणार आहोत."

"ही काय हुती मग?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी रागावलो. उत्तर नसलं की मी रागावतो, हे माझ्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणालो, "हे बघा बाई, टेकडी कुणाच्या मालकीची नाही."

"मंग तुमी कुनाला इचारून तोडल्या?"

या होत्या सोजरबाई. वय चौऱ्याहत्तर. लग्न होऊन आल्या तेव्हा बिबवेवाडी हे गाव होतं आणि आज आमची सोसायटी आहे तिथे ज्वारी होती. उन्हाळ्यात शेतात काम नसे, तेव्हा गावातल्या आठ बायका पहाटे टेकडीवर जात, करवंदं तोडत आणि पाटी डोक्यावर घेऊन चालत मंडई गाठत. प्रत्येकीची जाळी ठरलेली. सासूने ती सुनेला द्यायची. दुसरीच्या जाळीला हात लावायचा नाही, मग तिथली फळं वाळून गळली तरी चालेल. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि पन्नास वर्षांत कुणी मोडलं नव्हतं.

त्यांनी मला उतारावरून फिरवलं. एकेका बुंध्यापाशी थांबून नाव सांगितलं. ही आनंदीबाईची. ही शकूची. ही तुळजाबाईची, हिची करवंदं सगळ्यांत गोड. एखाद्या घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो दाखवावेत तसं चाललं होतं. पलीकडची वाचलेली जाळी त्यांची स्वतःची. ती काळ्याभोर फळांनी लगडली होती.

"जमीन इकली तवा पोरांच्या सह्या झाल्या," त्या म्हणाल्या. "सातबाऱ्यावर माजं नाव कंदीच न्हवतं. नावाची म्हनावी अशी ही येवढीच हाय. मुळं ऱ्हाऊ द्या. बुंध्यातनं फुटवा येतो. तीन वर्सांत करवंद धरंल."

पण पुढच्या रविवारी ती मुळं उकरायची आणि आठवी जाळी काढायची, हे ठरलेलं होतं. मजूर सांगितलेले, रोपं आलेली. सोजरबाई मंडळाच्या बैठकीला आल्या. सभासदांना त्यांनी करवंदं वाटली. सगळ्यांनी आवडीने खाल्ली, ओठांना चीक लागला म्हणून हसले, फळ फोडून आत लाल निघालं की कोंबडा, पांढरं निघालं की कोंबडी, असा लहानपणचा खेळही खेळून झाला. मग बावीस विरुद्ध शून्य मतांनी आधीचा ठराव कायम झाला. करवंदांबद्दल आभार मानण्यात आले. मीच मानले.

सोजरबाई पाटी उचलून गेल्या. त्यानंतर त्या चार दिवस टेकडीवर दिसल्या नाहीत आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या काय करत होत्या हे मला नंतर त्यांच्या मुलाकडून, संपतकडून कळलं. आई रोज सकाळी भाकरी बांधून घेऊन बाहेर पडत होती. कर्वेनगरला शकू लेकीकडे राहते एवढंच माहीत, पत्ता नाही. तरी बस बदलत गेली आणि तिसऱ्या दिवशी शकू सापडली. गाडीने सोडतो म्हटलं तर म्हणाली, तुझी कामं कर.

रविवारी सहा वाजता मजूर पहारी घेऊन उतारावर आले, मागोमाग मी. सात बुंध्यांशेजारी सात म्हाताऱ्या बसल्या होत्या, प्रत्येकीसमोर रिकामी पाटी. आनंदीबाई नव्हत्या, वारल्या होत्या; त्यांच्या जागी त्यांची सून बसली होती. आठव्या जाळीत सोजरबाई करवंदं तोडत होत्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी हात जोडले नाहीत.

मजुरांचा मुकादम दत्तोबा मला म्हणाला, "साहेब, म्हाताऱ्या मानसांना उठवायचं काम आपल्यात बसत न्हाई. तुमी उठवा."

मी पुढे गेलो. तुळजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा सरकून बसायला जागा दिली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी मजुरांना परत पाठवलं, आणि मंडळाला कळवलं की शंभर झाडं खालच्या उघड्या माळावर लागतील, नाहीतर सचिव दुसरा शोधा. फुकट राबणारा सचिव सहज मिळत नाही, म्हणून मंडळाने मान्य केलं.

ऊन चढलं तेव्हा सोजरबाईंनी हाक मारली, "या गं, तोडा. आज समद्यांची हाय."

एकही उठली नाही. दुसरीच्या जाळीत हात घालायचा हे त्यांना जमेचना. शकू तर हसून मान हलवत राहिली. शेवटी सोजरबाईंनीच एकेकीच्या पाटीत करवंदं नेऊन टाकली. सातही पाट्या भरल्या, स्वतःची रिकामी राहिली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. म्हाताऱ्या खायला लागल्या, आणि त्या उतारावर जे हसणं सुरू झालं ते मी कधी आमच्या मंडळात ऐकलं नव्हतं.

न राहवून मीही हात पुढे केला.

सोजरबाईंनी माझ्या ओंजळीकडे पाहिलं, मग बुंध्यांकडे. "तुमाला तीन वर्सांनी," त्या म्हणाल्या. "तवर गुरं येऊ देऊ नका."