एक अर्ज, दोन आयोग

चामोर्शीच्या स्टँडवर बाबांनी वाळलेल्या झिंग्यांचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. आई बस सुटेपर्यंत खिडकीचे गज धरून उभी होती. "कोनी काही म्हनलं तं चूप बसू नको," बाबा म्हणाले, "दोघाइलेही सांग." कविता, आता तुझ्या या ताईमागे तूही नोकरीला निघालीस, म्हणून हे लिहिते आहे.

दोघांना सांगायचं, ही आपल्या तलावाची रीत. तलाव दोन गावांच्या शिवेवर. जाळ्यावरून तंटा झाला की दोन्हीकडच्या जाणत्यांना निरोप जातो, एकालाच सांगितलं तर दुसरा रुसतो. मग दोघंही पाळीवर, तलावाच्या बांधावर येऊन बसतात आणि निकाल लावूनच उठतात.

नागपुरात मी केंद्र सरकारच्या एका वसतिगृहात स्वयंपाकीण म्हणून लागले. तीन महिने माझी भाजी सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. मग कुणीतरी माझी जात विचारली. ढिवराच्या, मासे मारणाऱ्यांच्या हातचं नको, अशी कुरकुर सुरू झाली आणि मॅनेजरनं मला गॅसपासून उठवून भांड्यांवर बसवलं. वर म्हणाला, पगार तोच आहे ना, मग काऊन बोंबलून राह्यली? मला रडू नाही आलं, संताप आला. त्याच आठवड्यात अर्ज लिहिला आणि बाबांचं ऐकून एक प्रत राज्याच्या मानवी हक्क आयोगाला, दुसरी दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाला पाठवली.

दिल्लीचं उत्तर आलं: प्रकरण राज्य आयोगापुढे आहे, आम्हाला घेता येत नाही. पुढे राज्याचं आलं: वसतिगृह केंद्राचं, आमच्या कक्षेत नाही. पुन्हा दिल्लीला लिहिलं, तोवर घटनेला वर्ष उलटलं होतं, आणि वर्षाहून जुनी तक्रार नियमात बसत नाही. खोटं कुणीच बोललं नाही. पण माझ्यावर अन्याय झाला की नाही, हे कुणी विचारलंही नाही.

मी अजून भांडीच घासते. झिंगे भाजताना खोलीची खिडकी लावून घेते, आणि त्याची मला लाज वाटते. तुझ्यावर तशी वेळ आलीच तर कुणाचं काम ते आधी विचार, मग एकाच दारात जा.

घर म्हटलं की आता मला ती पाळच दिसते. कुणाचं काय बिनसलं ते ऐकायला दोन म्हातारे उन्हातान्हात चालत यायचे. मी तिथून फार लांब आले गं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस. ते दर फोनला विचारतात, "दोघं बसले का वं माय?"

मी म्हणते, "बसून राह्यले, बाबा."